दुधाचे दात आणि घरोघरच्या समजुती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या हिरडीतून पहिला दात डोकावला की घरात फोनाफोनी सुरू होते आणि सल्ल्यांना ऊत येतो. पुढे सहाव्या-सातव्या वर्षी तोच दात हलायला लागला की सल्ल्यांचा दुसरा हंगाम येतो. मी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली-दुसरीच्या वर्गात वर्षभर कुणाचा ना कुणाचा दात हलत असतो, आणि त्यासोबत पालकांचे आणि आज्यांचे प्रश्न येत राहतात. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते, म्हणजे उत्तरं वाचताना ते लक्षात राहील. ज्या चालीने मुलाला मजा येते, ती जरूर जपावी. जिने बाळाच्या जिवाला धोका होतो किंवा त्याच्या आईला ऐकून घ्यावं लागतं, ती सोडून द्यावी.

बाळाला वरचे दात आधी आले. मामाला जड जातं म्हणतात. खरं आहे का?

नाही. बहुतेक बाळांना खालचे मधले दोन दात आधी येतात, साधारण सहा ते दहा महिन्यांत. वरचे त्यानंतर येतात. काही बाळांमध्ये हा क्रम उलटा होतो, इतकंच. अशा बाळाच्या तब्येतीत काही कमी नसतं, आणि मामाच्या तब्येतीचा तर इथे संबंधच येत नाही.

समजूत मात्र फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात (सूक्त १४०) बाळाच्या दोन दातांना उद्देशून प्रार्थना आहे. त्या दातांना वाघ म्हटलं आहे. तांदूळ खा, जव खा, उडीद खा, तीळ खा, पण आईबापांना इजा करू नका, अशी त्यांची विनवणी केली आहे. दात हे बाळाला मिळालेलं पहिलं हत्यार आणि ते आपल्याच माणसांवर चालू नये, ही त्यामागची धास्ती. अंगावर पिणाऱ्या बाळाने कचकन चावा घेतलेला ज्या आईने सोसला आहे, तिला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. पुढे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत वरचे दात आधी आल्यास करायची शांतीही आली.

लक्षात घ्या, त्या सूक्तात मामा कुठेच नाही. तिथे आईबाप आहेत. आपल्या घरांत हे संकट मामाच्या माथी आलं, आणि त्याबरोबर उपायाचा खर्चही माहेरी गेला: चांदीची वाटी, बाळाला कपडे, नारळ, कुठे पूजेची दक्षिणा. मामाने भाच्याला हौसेने वाटी-चमचा आणला तर आनंदच आहे. पण 'तुझ्या पोराचे दात वरचे आले, आता तुझ्या भावाला कळव' हे वाक्य ज्या बाळंतिणीला ऐकावं लागतं, तिच्या मनावर काय होतं ते मी पाहिलं आहे. तिला आधीच झोप नसते. त्यात भावाच्या जिवाची काळजी घालणं हा छळ आहे. घरातल्या मोठ्यांनी इथे ठामपणे 'असं काही नसतं' म्हणावं. सुनेने म्हटलं तर वाद होतो, सासऱ्यांनी म्हटलं तर विषय तिथेच मिटतो.

जन्मतःच तोंडात दात होता. अपशकुन समजायचा का?

अपशकुन नाही, पण डॉक्टरांना दाखवायचं नक्की. साधारण दोन-तीन हजार बाळांत एखाद्याला असा दात असतो. बहुतेक वेळा तो दुधाचाच दात असतो, वेळेआधी आलेला. तो फार हलत असेल तर सुटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, किंवा त्याने बाळाची जीभ आणि आईचं स्तनाग्र सोलवटतं. अशा वेळी काढायचा की ठेवायचा ते दंतवैद्य ठरवतील. सुईणीने किंवा घरातल्या कुणी बोटाने उपटून टाकायचा नाही.

उशिरा आलेले दात मजबूत असतात म्हणे?

या समजुतीलाही मोठी परंपरा आहे. लहान मुलांच्या वैद्यकावरच्या काश्यपसंहितेत दात येण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. चौथ्या महिन्यात आलेले दात दुबळे आणि लवकर झडणारे, तर आठव्या महिन्यात आलेले सर्वगुणसंपन्न, असं त्यात सांगितलं आहे. आज्या हेच आपल्या शब्दांत सांगत आल्या.

आजच्या माहितीप्रमाणे दात केव्हा येणार हे मुख्यतः आनुवंशिक असतं. तुम्हाला उशिरा आले असतील तर बाळालाही उशिरा येतील. सहा महिन्यांच्या आसपास सुरुवात होते, चार ते बारा महिन्यांपर्यंत पुढे-मागे झालं तरी चालतं, आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस दात भरतात. वर्ष उलटून बरेच दिवस गेले तरी एकही दात नाही, असं असेल तर दाखवून घ्या. दाताची मजबुती पुढच्या निगेवर ठरते.

दात येईपर्यंत बाळाला आरसा दाखवू नये, असं सासूबाई म्हणतात.

काही घरांत पाळतात. आरशाचा आणि दातांचा काही संबंध नाही. बाळाला आरशातलं बाळ पाहायला फार आवडतं, जरूर दाखवा. सासूबाईंना वाईट वाटत असेल तर त्यांच्याच मांडीवर बसवून दाखवा. नातवाचं खिदळणं ऐकून बहुतेक आज्या विरघळतात.

दात येताना ताप आणि जुलाब होणारच ना?

या यादीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दात येताना लाळ गळते, हिरडी सुजते, बाळ किरकिरं होतं, मिळेल ते तोंडात घालतं, रात्री दोनदा जास्त उठतं. अंग किंचित कोमट लागू शकतं. इथवर ठीक. पण १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पाण्यासारखे जुलाब, उलट्या यांचं कारण दात नसतं. हे दोन्ही एकाच वेळी का दिसतं? सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगायला लागून जमिनीवरची प्रत्येक वस्तू चाखतं. पोट बिघडायला हे पुरेसं आहे. दात त्याच सुमाराला येतात आणि आळ त्यांच्यावर जातो.

'दाताचे जुलाब आहेत, थांबवायचे नसतात' हे वाक्य मला भीतिदायक वाटतं. या एका वाक्यापायी बाळं सुकत जातात आणि दवाखान्यात उशिरा पोचतात. जुलाब सुरू झाले की अंगावरचं दूध चालू ठेवायचं, ओआरएसचं पाणी चमच्याचमच्याने पाजायचं आणि डॉक्टरांना विचारून झिंकचं औषध द्यायचं. लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, डोळे ओढल्यासारखे दिसले, बाळ मलूल पडलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

हिरड्यांना मधातून टाकणखाराची लाही चोळतात. घुटीत डिकेमाली देतात. चालेल का?

टाकणखार नको. आपल्याकडे ही फार जुनी रीत आहे हे खरं, पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि तान्ह्या बाळाच्या पोटात तो पुन्हापुन्हा गेला तर फिट येऊ शकते. मधही वर्षाच्या आत द्यायचा नाही. त्यात कधीकधी बोटुलिझम या गंभीर आजाराचे जंतू असतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, बाळाला बाधतात.

डिकेमाली हा उग्र वासाचा डिंक, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. दात येताना घुटीत तिचा एखादा वेढा द्यायची पद्धत आहे. सहाण स्वच्छ धुतलेली, हातात हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, बाळाचं वय पाहून कुणाचा एक वेढा तर कुणाचे दोन, आणि जायफळ अगदी स्पर्शापुरतं. आजीचं ते मोजमाप पाहताना मला नेहमी आदर वाटतो. पण आज बाजारातला माल कुठून आला, किती जुना, त्यात काय मिसळलं, हे आजीलाही सांगता येत नाही. शिवाय सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही. त्यानंतर घुटी द्यायचीच असेल तर वैद्यांना विचारून द्या.

दात येण्याच्या म्हणून मिळणाऱ्या गोड गोळ्या आणि हिरडी बधिर करणारं जेल, दोन्हींपासून लांब राहा. अशा काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण कमीजास्त आढळल्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली इशारा दिला होता. २०१८ साली दोन वर्षांखालील मुलांना बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं जेल लावू नका असंही सांगितलं.

मग चावायला काय द्यावं?

स्वच्छ धुतलेलं बोट सगळ्यांत उत्तम. थंड पाण्यात बुडवून पिळलेला मऊ सुती रुमाल, किंवा एकसंध जाड रबरी कडं. खारीक, ज्येष्ठमधाची कांडी, गाजर हे पूर्वापार देतात, पण दात फुटू लागले की बाळ त्याचा तुकडा तोडतं आणि तो घशात अडकतो. गळ्यात मण्यांची माळ घालून तीच चघळायला देणं तर अजिबात नको.

दात आल्याशिवाय उष्टावण करू नये का?

उष्टावणाचा दाताशी संबंध जोडायची गरज नाही. आपल्याकडे मुलाचं सम महिन्यात, सहाव्या-आठव्या, आणि मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या-सातव्या, अशी पद्धत आहे. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर बोटाने चाटवतात. समारंभ हवा तेव्हा करा, पण सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं सुरू झालंच पाहिजे. बाळ हिरड्यांनी छान चावतं. मुहूर्तासाठी किंवा दातासाठी आठवा महिना उजाडू देऊ नका.

जुन्या रीतींमध्ये दातांना इतकं महत्त्व का होतं?

कारण पूर्वी तान्ही मुलं फार जात. दात येणं म्हणजे मूल पहिल्या अवघड घाटातून पार झाल्याची खूण होती. मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती यांच्यात मूल गेल्यावर किती दिवस सुतक पाळायचं, ते दात आले होते की नव्हते यावर ठरवलेलं आहे. अगदी लहान मुलाला अग्नी न देता पुरण्याची रीत आजही आपल्याकडे पाळतात. हे वाचून अंगावर काटा येतो. पण पहिला दात दिसल्यावर पणजीला इतका आनंद का होत असे, ते यातून कळतं.

पडलेला दात कुठे टाकायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतं.

सांगणारच, कारण एकच एक रीत कधी नव्हतीच. महाराष्ट्रात आणि गोव्यात जिथे कौलारू घरं होती, तिथे दात कौलांवर भिरकावत. कुठे तो शेणाच्या गोळीत बसवून फेकत, म्हणजे घरंगळून खाली येत नाही. कुठे उंदराच्या बिळात टाकत, कुठे तुळशीच्या मुळाशी पुरत. काही घरांत खालच्या-वरच्या दाताचा भेद करतात: खालचा दात छपरावर, वरचा जमिनीत. नवा दात जुन्याच्या दिशेने सरळ वाढावा, हा त्यातला हिशोब. जपानमध्येही अशीच वाटणी आहे.

दात टाकताना म्हणायचं ते मात्र बहुतेकांना पाठ असतं: 'उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात तू घे, तुझा दात मला दे.' शब्द घरागणिक थोडे बदलतात.

माझ्या आजोळी हे सगळं रीतसर होत असे. दात पडला की आजी आधी मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावायची. मग दात धुऊन तळहातावर ठेवायचा. इतके दिवस जिभेला डोंगराएवढा वाटलेला तो दात हातावर तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा दिसायचा. अंगणात घराकडे तोंड करून उभं राहायचं, मोठ्याने म्हणायचं आणि जोर लावून फेकायचा. कौलावर टक् असा आवाज आला की काम झालं. आवाज आला नाही तर भावंडं पन्हळीत शोधायला धावत.

सगळे प्राणी सोडून उंदीरच का?

कारण त्याचे दात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. सतत काही कुरतडून झिजवले नाहीत तर ते इतके लांबतात की त्याला खाताही येत नाही. ज्वारीचं पोतं, सागाची फळी, साबणाची वडी यांतलं काहीही ज्याच्या दातांपुढे टिकत नाही, त्याच्याकडेच दात मागायचे. एखाद्या वस्तूचा स्पर्श ज्याला होईल त्याचा गुण मूळ मालकाला लागतो, या कल्पनेतून जगभर अनेक चाली निघाल्या आहेत. ही त्यातलीच एक.

छप्पर आणि उंदीर या दोन वेगळ्या रीती आहेत असं आपण समजतो. मला वाटतं, त्या मुळात एकच असाव्यात. जेम्स फ्रेझर या मानववंशशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातल्या रारोटोंगा बेटावरची चाल नोंदवली आहे. तिथलं मूल मोठ्या उंदराला आणि लहान उंदराला हाक मारून जुन्या दाताच्या बदल्यात नवा मागायचं आणि दात घराच्या शाकारलेल्या छपरावर फेकायचं, कारण उंदीर छपरातच राहायचे. आपल्या गवती आणि कौलारू घरांतही रात्री खुडबुड व्हायची ती आढ्यालाच. दात छपरावर टाकला की तो उंदराच्या घरीच पोचला. पुढे उंदीर विसरला गेला आणि छप्पर उरलं, कुठे छप्पर गेलं आणि बीळ उरलं.

उंदीर गणपतीचं वाहन आणि गणपती एकदंत, म्हणून ही चाल पडली असं काही जण सांगतात. मुलांना सांगायला गोष्ट सुंदर आहे, जरूर सांगा. पण जिथे गणपती कधी पोचला नाही त्या युरोपात आणि पॅसिफिक बेटांवरही दात उंदरालाच देतात, तेव्हा मूळ उंदराच्या दातात शोधायला हवं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. चांदोबाही मामा आणि उंदीरही मामा. मुलाला जे हवंहवंसं वाटतं ते आपल्या बोलण्यात आईच्या माहेरून येतं. दात देणारा मामाच, आणि वरचे दात आधी आले की संकटही मामावरच. यातला पहिला मामा ठेवावा, दुसरा सोडावा.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. ना कौलं, ना बीळ. काय करावं?

गॅलरीतल्या कुंडीत पुरा. तुळस असेल तर तुळशीत, नाहीतर मोगऱ्यात. मुलाला स्वतःच्या हाताने खड्डा करू द्या. गावी जाणार असाल तर दात डबीत ठेवून गावच्या कौलांवर फेका, मुलं त्या दिवसाची वाट पाहतात. सातव्या मजल्यावरून खाली भिरकावू नका, एवढं बघा. शेजारच्या पत्र्यावरही नको.

दात हरवला, पालीने नेला, कुणाचा पाय पडला, तर नवा येत नाही का?

येतो. नवा दात हिरडीच्या आत आधीपासून तयार होत असतो, बाहेर पडलेल्या दाताचं काय झालं याची त्याला खबरही नसते. मूल रडत असेल तर 'मामा स्वतःच येऊन घेऊन गेला' म्हणा.

खाताना दात गिळला.

काळजी नको, शौचावाटे जातो. मात्र त्यानंतर मूल सारखं खोकत असेल किंवा श्वास लागत असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

पडलेल्या जागी जीभ लावली की दात वाकडा येतो, हे तरी खरं ना?

ही धमकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे, आणि प्रत्येकाने जीभ लावली आहे. अधूनमधून जीभ फिरवल्याने काही होत नाही. दात वाकडा येतो तो मुख्यतः जागा कमी पडल्यामुळे. महिनोन्‌महिने अंगठा चोखणं किंवा गिळताना जीभ सतत दातांवर ढकलणं, याने मात्र दात पुढे येऊ शकतात. आजीच्या धमकीचा एक उपयोग आहे: त्या पहिल्या दिवशी मूल जखमेत बोट घालत नाही.

पडलेल्या दाताला मूळच नाही. मूळ आत तुटून राहिलं का?

नाही. खालून नवा दात वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जातं. शेवटी उरतो तो वरचा पांढरा भाग, आतून पोकळ, कडेला खडबडीत. म्हणूनच तो हलतो आणि फारसं रक्त न येता पडतो.

दोरा बांधून दार आपटायचं का?

नको. पिकलेलं फळ आपोआप गळतं तसा दात स्वतःच पडू द्यावा. मुलाने जिभेने, स्वच्छ बोटाने हलवला तर हरकत नाही. अगदी धाग्यावर लटकत असेल, खाता येत नसेल, तर स्वच्छ कापडाने धरून हलकेच पिळ दिला की सुटतो. दार आपटल्याने दातापेक्षा मुलाचा विश्वास जास्त दुखावतो, आणि तेच मूल पुढे दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडत नाही.

जुना दात पडला नाही आणि मागून दुसरा आला. दातावर दात भाग्याचा म्हणतात.

भाग्याचं माहीत नाही, पण खालच्या पुढच्या दातांत हे बऱ्याचदा दिसतं. जुना दात हलत असेल तर थोडे दिवस वाट पाहा. तो पडला की जीभ नव्या दाताला पुढे ढकलते. महिना-दोन महिने झाले आणि जुना घट्टच असेल तर काढून घ्यावा लागतो.

सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे जी दाढ येते, ती कुठल्याही दुधाच्या दाढेच्या जागी येत नाही. अनेक पालक तिला दुधाचीच समजतात. ती कायमची आहे, जन्मभर पुरवायची आहे. कृपया तिला सांभाळा.

पुढच्या दोन दातांत फट असली की नशीब चांगलं असतं का?

लक्ष्मी येते असं म्हणतात खरं. सात ते अकरा वर्षांच्या मुलांत ही फट अगदी नेहमीची आहे. सुळे उतरले की बहुतेकांची आपोआप मिटते, म्हणून त्या वयात तारांची घाई नको. आणि या काळात मुलाला 'बोळक्या', 'फटदात्या', 'सशा' म्हणून चिडवू नका. घरातले हसतात, मूल फोटोत तोंड मिटून उभं राहायला लागतं. माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी असतात.

परदेशात राहतो. मुलगी म्हणते टूथ फेअरी हवी. आपली रीत बुडते का?

बुडत नाही. उशीखाली दात ठेवायचा आणि सकाळी नाणं सापडायचं, ही परीची गोष्ट अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळू लागली. म्हणजे तीही तशी नवीच आहे. स्पेनमध्ये परी नाही, रातोन्सितो पेरेस नावाचा उंदीर आहे. १८९४ च्या सुमारास लुईस कोलोमा या लेखकाने आठ वर्षांच्या राजा आल्फोन्सो तेराव्याचा दात पडला तेव्हा त्याच्यासाठी त्याची गोष्ट लिहिली. फ्रान्समध्येही छोटा उंदीरच येतो. तेव्हा मुलीला सांगा, आपला उंदीरमामा फ्रान्स-स्पेनमध्येही नोकरीला आहे. रात्री परी, आणि सुट्टीत आजोळी आलात की एक दात उंदीरमामाला. मुलांना दोन्ही हवं असतं आणि दोन्ही सहज पचतं. पैसे किती ठेवायचे यावर शाळेत स्पर्धा लागते, तेवढी टाळा.

आठवण म्हणून दात जपून ठेवू का? स्टेम सेलसाठी पैसे भरून ठेवा म्हणतात.

आठवण म्हणून खुशाल ठेवा. धुऊन, पूर्ण वाळवून, छोट्या डबीत, तारीख लिहून. जावळाची बट जशी ठेवतात तसंच.

दुधाच्या दातात मूलपेशी (म्हणजेच स्टेम सेल, ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होऊ शकतात) असतात हे खरं. सोंगताओ शी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली त्या शोधल्या, आणि कुतूहल जागं झालं ते त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या पडलेल्या दातामुळे. पण संशोधन वेगळं आणि तुमच्याकडून घेतलेली वार्षिक फी वेगळी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाळेच्या रक्ताखेरीज दात वगैरे इतर ऊती पैसे घेऊन साठवण्यास परवानगी नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. कुणी पत्रक हातात दिलं तर हे विचारा.

दातांनी एकदा मोठं काम केलं आहे, ते मुलांना सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दात गोळा केले गेले, तीन लाखांहून जास्त. अणुचाचण्यांतून हवेत आणि मग दुधात उतरलेलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य मुलांच्या दातांत साठत असल्याचं त्यातून दिसलं. हवेतल्या अणुचाचण्यांविरुद्ध जनमत तयार व्हायला त्याची मदत झाली, आणि १९६३ साली अशा चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला.

दुधाचे दात पडणारच आहेत. मग किडले तर उपचार कशाला?

कारण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे सहा-सात वर्षांचं दुखणं. मूल एका बाजूने चावतं, जेवण टाळतं, रात्री रडतं. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलंडतात आणि कायमच्या दाताला वाट उरत नाही. वर्गात डबा तसाच परत नेणाऱ्या मुलाचं तोंड उघडून पाहिलं की अनेकदा कारण समोर दिसतं.

कीड म्हणजे आत अळी आहे, हा समज अजून आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे' काढून दाखवणारे गावोगावी फिरत असत. दातात अळी नसते. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि दात पोखरला जातो. म्हणून रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. पहिला दात आला की त्या दिवसापासून मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, रात्री न चुकता. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्यांची भेट घ्या. दुखत नसताना घेतलेली ती भेट मुलाची भीती घालवते.

स्वप्नात दात पडला तर घरातलं कुणी जातं का?

नाही. दात पडण्याचं स्वप्न जगभर लोकांना पडतं. ज्या घरात मुलाचा दात हलतोय तिथे तर पडणारच.

खेळताना आपटून पुढचा दात मुळासकट बाहेर आला. तोही उंदीरमामाला द्यायचा का?

आधी वय पाहा. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर तो दुधाचा दात आहे. परत बसवायचा नाही, बसवल्यास खालच्या नव्या दाताला इजा होते. फडकं दाबून रक्त थांबवा आणि दाखवून या.

आठ-नऊ वर्षांचं मूल असेल आणि दाताला लांब मूळ दिसत असेल तर तो कायमचा दात आहे. तो टाकून द्यायचा नाही. पांढऱ्या टोकाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर खळबळा. जमलं तर लगेच त्याच जागी बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर गार दुधाच्या पेल्यात टाका आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, दंतवैद्यांकडे पोचा. कोरड्या कागदात गुंडाळून नेलेला दात बहुधा वाचत नाही. पेलाभर दूध शाळेजवळच्या कुठल्याही टपरीवर मिळतं.